उघड्या आकाशाखालचें नेपथ्य

नेपथ्य म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें रंगविलेला पडदा उभा राहतो, आणि त्यांत नवल नाहीं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांसारखा कलावंत चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं नाटकांचे पडदेच रंगवीत होता. मीहि त्याच वळणाचा. म्हणून एका जुन्या वाड्यांत, प्रेक्षकांनीं नटांबरोबर एका चौकांतून दुसऱ्या चौकांत चालत जाऊन पाहावयाच्या नाटकाचें काम माझ्याकडे आलें, तेव्हां मीं निःशंकपणें बांबूच्या चौकटी उभारल्या, त्यांवर कापड ताणलें, आणि खऱ्या दगडी भिंतीपुढें दगडी भिंतीचेंच चित्र उभें केलें!

पहिल्या प्रयोगास एक वृद्ध बाई त्या चित्रापाशीं थबकल्या. त्यांनीं एक हात कापडावर ठेवला, दुसरा शेजारच्या भिंतीवर, आणि कांहीं न बोलतां त्या पुढें गेल्या. मीं तेव्हांच समजावयास हवें होतें. दुसऱ्या अंकांत वाऱ्याचा झोत आला आणि एक चौकट दिंडीदरवाजाच्या तोंडाशींच कोसळली. क्षणापूर्वीं तेथून शाळकरी मुलांची रांग गेली होती. त्या रात्रीं मला झोप लागली नाहीं.

पुढें आश्विनांत मी रामनगरला गेलों. काशीच्या पैलतीरीं, काशीनरेशांच्या आश्रयानें वाढलेली तेथील रामलीला अनंतचतुर्दशीपासून सुमारें महिनाभर चालते. युनेस्कोनें २००८ सालीं रामलीलेस आपल्या वारशाच्या यादींत स्थान दिलें, तें असो. रामनगरांत रंगमंच असा नाहींच; किल्ल्यानजीक अयोध्या, दूर जनकपूर, आणि गांवाबाहेरच्या विस्तीर्ण मैदानांत लंका. दुर्गामंदिराजवळचें तळें क्षीरसागर होतें. राम वनवासास निघाले कीं लोकहि त्यांच्यामागून खरोखरच चालूं लागतात. पाय दुखूं लागतात, आणि अयोध्या मागें राहिली हें कोणी सांगावें लागत नाहीं. तेथें अंतर हेंच नेपथ्य आहे.

ध्वनिवर्धक नाहीं, विजेचे दिवे नाहींत. मशाली, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, आणि आरतीच्या वेळीं पेटणाऱ्या महताबी. मागच्यांना पुष्कळदां संवाद ऐकूं येत नाहींत, हेंहि खरें. ‘चुप रहो, सावधान’ अशी हांक वारंवार द्यावी लागते. तरी गर्दी हलत नाहीं. रावणाचा पुतळा बांबू आणि कागदाचा. तो जळून जावा म्हणूनच बांधलेला. माझी चौकटहि बांबूचीच होती, पण ती दगड म्हणून खपावी अशी माझी अपेक्षा!

परत आल्यावर मीं सारें कापड उतरविलें. हातांत घड्याळ घेऊन तोच मार्ग अनेकदां चाललों: कोणती पायरी उंच आहे, कोठें दोन माणसें शेजारीं शेजारीं मावत नाहींत, मावळतें ऊन तुळशीवृंदावनावरून केव्हां सरकतें. निरोपाचा प्रवेश त्या घटकेला आणला. दिंडीदरवाजा सोडून प्रेक्षकांस मागच्या रुंद दारानें नेलें. त्यासाठीं एक प्रवेश दुसऱ्या चौकांत हलवावा लागला आणि नटांची बोलणीं खावीं लागलीं. निर्माते तर म्हणाले, नेपथ्याचे पैसे घेऊन यानें नेपथ्यच काढून टाकलें. त्यांची तक्रार अगदींच गैर नव्हती.

मात्र दुसऱ्या चौकांत शिरतांना प्रेक्षक आपण होऊन आवाज खालीं आणूं लागले. तेथें मीं एक ठेंगणी समई ठेवली होती, दुसरें कांहीं नाहीं.