गुरूची प्रस्तावना
अकोल्याच्या बाजारात कापसाच्या भावावर वाद निघाला, की कुणीतरी समोरच्याला 'दलालांचा माणूस' ठरवतो. भाव राहतो बाजूला, अन् नुकसान कास्तकाराचं. आम्ही प्राध्यापकही काही मागं नाही. आमच्या शिव्या तेवढ्या पुस्तकी!

१९२३ साली डॉ. आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ लंडनला निघाला. रुपया सोन्याच्या दराशी नुसता बांधून भागणार नाही, तो पाडण्यावरच मर्यादा हवी, असं म्हणत त्यांनी केन्ससारख्या नामांकिताचं मत मुद्द्यानं खोडलं. प्रस्तावना गुरू एडविन कॅनन यांची. शिष्याची बरीचशी टीका मला पटत नाही, असं त्यांनी तिथंच लिहिलं. काही घाव मात्र नेमके बसलेत, हेही. ती प्रस्तावना ग्रंथाच्या आरंभीच छापली आहे. गुरुजनहो, वादस्पर्धेआधी मुलांना ती जरूर वाचून दाखवा.