दुष्काळाचा पैसा आणि हिशेबाचा प्रश्न

(महाल, नागपूर येथें साह्यकर्त्यांच्या सभेंत समितीच्या वतीनें झालेलें भाषण)



समितीचा वृत्तांत आपणांपुढें ठेवण्यापूर्वीं एका आक्षेपाचा विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें. वर्गणीसाठीं आम्ही ज्या ज्या पेढीवर व वाड्यावर जातों, तेथें बहुधा एकच प्रश्न ऐकूं येतो: सरकार कर घेतें, दुष्काळासाठीं अंदाजपत्रकांत रक्कम धरतें, मग पुन्हां आमच्या थैलीस हात कां? हा आक्षेप रास्त आहे. त्यास ‘दया’ या एका शब्दानें उत्तर देणें म्हणजे प्रश्न टाळणें होय. ज्यानें व्यापार केला तो हिशेबाची किंमत जाणतो. म्हणून सार्वजनिक पैशाचा हिशेब कोणीं विचारावा, कसा विचारावा आणि तो विचारल्यावरही धर्मादायास कोणतें काम उरतें, हें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

असा प्रश्न ज्या काळीं कोणासच विचारतां येत नव्हता, त्या काळाकडे प्रथम पाहूं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर हिंदुस्थान सरकारनें दरसाल दीड कोट रुपये दुष्काळासाठीं राखून ठेवण्याचें ठरविलें व त्याकरितां नवे कर बसविले. व्यापाऱ्यांवरील परवाना-कर हा त्यांपैकींच एक. परंतु अफगाण युद्धाचा खर्च अंगावर येतांच ती राखीव रक्कम जागेवर राहिली नाहीं. पैसा ज्या नांवानें घेतला त्याच कामीं लागला कीं नाहीं, हें विचारण्याचा हक्क १८६१ च्या कायद्यानें कायदेमंडळाच्या सभासदांस दिलेलाच नव्हता. वर्तमानपत्रें लिहीत, सार्वजनिक सभा अर्ज करीत; पण उत्तर देण्यास बांधलेला असा कोणी नव्हता.

१८९२ च्या कायद्यानें दार किंचित् उघडलें. सभासदांस प्रश्न विचारतां येऊं लागला व अंदाजपत्रकावर बोलतां येऊं लागलें. मात्र उपप्रश्नाची व मत देण्याची मुभा नव्हती. या कायद्याखालीं व्हाइसरॉयच्या कायदेमंडळांत बसलेल्यांत आपल्या महालांतील चिटणवीस घराण्याचे सर गंगाधरराव होते. मध्यप्रांताला स्वतःचें कायदेमंडळ १९१४ सालापर्यंत मिळालें नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ या प्रांतानें त्यावांचून सोसले, आणि १९०१ च्या खानेसुमारींत येथील लोकसंख्या १८९१ पेक्षां कमी भरली. माणसें येथें मेलीं. प्रश्न विचारण्याची जागा मात्र दूर कलकत्त्यास होती.

तेथेंच २६ मार्च १९०२ रोजीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं अंदाजपत्रकावरील आपलें पहिलें भाषण केलें. दुष्काळाचे दिवस असतां तिजोरींत शिल्लक पडत होती, व ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोखल्यांनीं सरकारचेच आंकडे घेऊन दाखविलें कीं, रुपयाचा हुंडणावळीचा भाव चढल्यामुळें विलायतेचें देणें हलकें झालें, परंतु तुटीच्या दिवसांत वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. शिल्लक उरली ती यामुळें. मिठावरील कर तेव्हां मणास अडीच रुपये होता. तो १९०३ सालीं दोन, १९०५ सालीं दीड व १९०७ सालीं एक रुपया झाला. हें सर्व एका भाषणाचें फळ असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जेथें मत देतां येत नव्हतें तेथेंही आंकड्यास आंकडा भिडविला असतां सरकारास तो विचारांत घ्यावा लागे, एवढें यावरून दिसतें.

पुढें १९१९ च्या सुधारणांनीं खर्चाच्या कांहीं मागण्यांवर मत देण्याचा अधिकार आला, आणि मार्च १९२४ मध्यें याच नागपुरांत स्वराज्य पक्षाच्या बळावर मागण्या नामंजूर झाल्या. तथापि नाकारणें आणि हिशेब घेणें हीं दोन निराळीं कामें आहेत. पहिल्यास धैर्य लागतें. दुसऱ्यास धैर्याबरोबर चिकाटी व कागदपत्रांचा अभ्यासही लागतो.

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराप्रमाणें विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन दरसाल नागपुरास भरावें असें ठरलें. १९६० पासून हा रिवाज चालत आला. २०२० व २०२१ हीं दोन सालें साथीमुळें त्यास खंड पडला. आजच्या सभासदाच्या हातांत १९०२ सालीं गोखल्यांपाशीं नसलेलीं साधनें आहेत: तारांकित प्रश्न व त्यावरील उपप्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्ध्या तासाची चर्चा, खर्च तपासणारी लोकलेखा समिति आणि मंत्र्यांनीं दिलेलीं वचनें पाळलीं कीं नाहीं हें पाहणारी आश्वासन समिति. तेव्हां साधनांची वाण नाहीं.

प्रश्नाचें फळ पाहावयाचें असेल तर १९७२-७३ चा दुष्काळ पाहावा. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. काम मागणाऱ्यास काम देणें ही सरकारची मेहेरबानी नसून तें त्याचें कर्तव्य आहे, हा विचार विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं आधींच मांडला होता. त्यास १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचें रूप आलें, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. आपल्या पेढीवरून भरला जाणारा व्यवसाय-कर १९७५ सालीं बसविला गेला तो याच योजनेच्या खर्चासाठीं, हें फार थोड्यांस स्मरतें. योजनेवर देखरेख ठेवण्यास विधिमंडळाची स्वतंत्र समिति नेमली गेली. कर देणाऱ्यानें आपल्या करांतून किती कामें निघालीं हें विचारणें हा त्याचा सरळ अधिकार आहे.

आणि उत्तर वेळेवर घेतलें नाहीं तर काय होतें याचें उदाहरण आपल्या वैनगंगेवर उभें आहे. गोसीखुर्द धरणाची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजीं बसली. मूळ अंदाज सुमारें ३७२ कोटि रुपयांचा. सुधारित अंदाज पुढें १८,००० कोटींच्या वर गेला. अडीच लक्ष हेक्टर जमीन भिजविण्याच्या त्या संकल्पाची वाट पाहतां पाहतां शेतकऱ्यांची एक पिढी म्हातारी झाली. २०१२ सालीं सिंचनाची श्वेतपत्रिका निघाली व सभागृहांत वाद माजला. परंतु कालव्याच्या प्रत्येक मैलाचा प्रश्न त्या त्या सालीं, त्या त्या गांवच्या नांवानिशीं विचारला गेला असता, तर शेवटीं एवढा मोठा हिशेब एकदम मागण्याची पाळी आली नसती असें आम्हांस वाटतें.

येथें आपलें काम सुरू होतें. सभासद सर्वज्ञ नसतो. ‘दुष्काळाविषयीं सरकार काय करीत आहे?’ या प्रश्नास ‘उचित कार्यवाही चालू आहे’ हें उत्तर ठरलेलेंच. पण अमुक तालुक्यांत, अमुक गांवीं, अमुक महिन्यांत टँकरच्या किती खेपा मंजूर झाल्या व किती पोंचल्या, असें विचारलें म्हणजे आंकडाच द्यावा लागतो. हा तपशील ज्याची जमीन तेथें आहे व ज्याचा माल तेथें जातो त्याच्यापाशींच असतो. आपल्याकडे खरिपाची अखेरची पैसेवारी डिसेंबरांत ठरते, आणि अधिवेशनही त्याच महिन्यांत भरतें. मे महिन्यांत गांवाला पाणी मिळेल कीं नाहीं, याचा निकाल पुष्कळदां डिसेंबरांतच लागून चुकलेला असतो. म्हणून आपण आपापल्या गांवांची माहिती लेखी स्वरूपांत आपल्या प्रतिनिधीस वेळेवर द्यावी, अशी आमची पहिली विनंति आहे.

आतां मूळ आक्षेपाकडे वळतों. सरकारानें आपलें कर्तव्य केलें तर आमचें काय काम? १८९७ व १९०० सालच्या धर्मादाय दुष्काळ-निधींनीं याचें उत्तर देऊन ठेविलें आहे, आणि तें आजही रास्त वाटतें. जीव जगविणें हें सरकारचें काम. धर्मादायानें चार गोष्टी कराव्या: वृद्ध, आजारी व लहान मुलें यांस पोटापुरत्या अन्नावर कांहीं अधिक द्यावें, पोरक्या मुलांची सोय लावावी, अब्रूस्तव हात न पसरणाऱ्या घरांस गाजावाजा न करितां मदत पोंचवावी, आणि ज्याचें सर्वस्व गेलें त्यास बैल, बीं व अवजारें देऊन पुन्हां उभें करावें. सरकारी कामाचा हजेरीपट कितीही चोख असला तरी ज्या स्त्रीनें दार लावून घेतलें आहे तिचें नांव त्यांत येत नाहीं. त्या दारापर्यंत आपली वर्गणी जाते.

यास्तव धर्मादाय हें सरकारच्या चुकीवर घातलेलें पांघरूण होऊं नये, आणि सरकारचा दोष हें वर्गणी न देण्याचें निमित्तही होऊं नये. देणाऱ्यानें दोन्ही करावें: एका हातानें द्यावें व दुसऱ्या हातानें विचारावें.

जो नियम आम्ही सरकारास लावूं पाहतों तोच आम्हांसही लागू आहे. समितीच्या वह्या प्रत्येक वर्गणीदारास पाहण्यास खुल्या आहेत. जमा, खर्च व शिल्लक यांविषयीं आपण लेखी प्रश्न करावा. उत्तर लेखीच मिळेल, आणि पुढील वृत्तांतांत तें छापलें जाईल. साह्य घेणाऱ्या घरांचीं नांवें तेवढीं आम्ही प्रसिद्ध करणार नाहीं.

रोख रक्कम, धान्य, कडबा, सरकी-पेंड, बियाणें, औषधें अथवा मुलांच्या शिक्षणाचा खर्च, यांपैकीं जें शक्य असेल तें आपण द्यावें. ज्यांस देणें शक्य नसेल त्यांनीं एका गांवाची खरी माहिती आणून द्यावी. तेंही साह्यच होय. पेरणीच्या आधीं पोंचलेलें बीं शेतांत रुजतें. पेरणीनंतर आलेलें कोठारांतच पडून राहतें. तेव्हां जें द्यावयाचें तें वेळेवर द्यावें, एवढेंच मागून आम्ही आपली रजा घेतों.