शाब्दिक उदाहरणापासून समीकरणापर्यंत



गणिताच्या प्रश्नपत्रिकेत असा एखादा प्रश्न हमखास असतो, की तो दिसताच अनेक विद्यार्थी पान उलटतात. त्यात आकडे थोडे असतात. वाक्ये मात्र चार-पाच असतात. दोन समीकरणे तयार मांडून दिली, तर जो विद्यार्थी ती बिनचूक सोडवतो, तोच ती एखाद्या हकीकतीच्या रूपाने समोर आली की अडखळतो. शाळेत मीही असाच अडखळत असे. आम्हांला एक युक्ती शिकवलेली होती : 'एकूण' हा शब्द आला की बेरीज करावी, 'उरले' आला की वजाबाकी, 'पट' आला की गुणाकार. या युक्तीवर मी काही वर्षे तरलो आणि पुढे एका परीक्षेत पुरता बुडालो. आपल्याला गणिताची बुद्धीच नाही, अशी तेव्हा माझी समजूत झाली; ती दूर व्हायला फार काळ लागला. ती समजूत चुकीची का होती, हे आज मला सांगायचे आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. सीतेजवळ १२ आंबे आहेत. गीतेजवळ आहेत त्यांपेक्षा ते ५ ने अधिक आहेत. तर गीतेजवळ किती? 'अधिक' हा शब्द पाहून पुष्कळ मुले १७ हे उत्तर लिहितात. खरे उत्तर ७ आहे. या मुलांना बेरीज-वजाबाकी येत नाही असे नाही. त्यांनी एक शब्द वाचला, वाक्य वाचले नाही, एवढाच त्यांचा दोष. आणि तसे वाचायला आपणच त्यांना शिकवलेले असते.

समीकरण मांडणे हे वस्तुतः भाषांतर आहे. न्यूटनची केंब्रिज येथील व्याख्याने १७०७ साली 'अरिथ्मेटिका युनिव्हर्सालिस' या नावाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने हीच दृष्टी ठेवली आहे : प्रश्न आपल्या नेहमीच्या भाषेतून बीजगणिताच्या भाषेत उतरवावा. ते करून दाखवताना त्याने एका रकान्यात प्रश्नातील वाक्ये आणि शेजारच्या रकान्यात त्यांची बैजिक रूपे मांडली. ज्याने कधी भाषांतर केले आहे त्याला ठाऊक असते, की शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. आधी अर्थ पकडावा लागतो.

काही वेळा मात्र शब्दाला शब्द ठेवूनही काम होते. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, इ. स. ८५० च्या सुमारास, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. त्यातील एका प्रश्नात ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची किंमत १०७ आहे, तर ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची १०१. एका महाळुंगाची किंमत क्ष आणि एका कवठाची य मानली, तर ९क्ष + ७य = १०७ आणि ७क्ष + ९य = १०१. ही समीकरणे सोडवण्यापूर्वी क्षणभर न्याहाळली, तर श्रमही वाचतात. दोहोंची बेरीज केली असता १६(क्ष + य) = २०८, म्हणजे क्ष + य = १३. वजाबाकी केली असता २(क्ष - य) = ६, म्हणजे क्ष - य = ३. म्हणून महाळुंगाची किंमत ८ आणि कवठाची ५.

आता भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातील ग्रंथाकडे वळू. त्यात दोन मित्रांचा एक प्रश्न आहे. पहिल्याचे म्हणणे असे, की दुसऱ्याने आपल्याला १०० दिले तर आपले धन त्याच्या दुप्पट होईल. दुसऱ्याचे म्हणणे असे, की उलट पहिल्यानेच आपल्याला १० दिले तर आपले धन त्याच्या सहापट होईल. दोघांजवळ किती धन आहे?

पहिल्याचे धन क्ष आणि दुसऱ्याचे य मानून घाईघाईने वाचणारा विद्यार्थी क्ष + १०० = २य असे लिहितो. हे समीकरण दिसायला निर्दोष आहे. दुसरे वाक्यही याच रीतीने उतरवले, तर दोन्ही समीकरणे सुरळीत सुटतात आणि क्ष = १० १०/११ असे उत्तर येते. गणितात कोठेही चूक नाही. परंतु हे उत्तर दुसऱ्याच कोणत्या तरी प्रश्नाचे आहे! जो देतो त्याच्याजवळचे धन कमी होते, हे प्रश्नात कोठेही लिहिलेले नाही. ते व्यवहारातून जाणून घ्यायचे असते. म्हणून खरी समीकरणे अशी होतात : क्ष + १०० = २(य - १००) आणि य + १० = ६(क्ष - १०). त्यांवरून क्ष = ४० आणि य = १७० येते.

भास्कराचार्यांनी येथे एकच अव्यक्त घेऊन काम साधले आहे. पहिल्याचे धन अव्यक्ताच्या दुपटीतून १०० वजा केल्याइतके आणि दुसऱ्याचे अव्यक्तात १०० मिळवल्याइतके त्यांनी कल्पिले. देवघेव झाली की पहिल्याजवळ अव्यक्ताची दुप्पट आणि दुसऱ्याजवळ अव्यक्त एवढेच राहते. पहिली अट आपोआप पुरी होते. दुसऱ्या अटीवरून अव्यक्त ७० निघते. काय अव्यक्त मानावे, हे ठरवण्यातच निम्मे उत्तर दडलेले असते.

भारतीय गणितज्ञ पहिल्या अव्यक्ताला 'यावत्तावत्' म्हणत, आणि पुढच्या अव्यक्तांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. लिहिताना त्यांची आद्याक्षरे या, का, नी, पी अशी मांडत. 'यावत्तावत्' म्हणजे जेवढे असेल तेवढे. हे नाव फार बोलके आहे, कारण अक्षर वस्तूचे नव्हे, संख्येचे असते हे ते सांगते. ही गोष्ट विसरल्याने केवढा घोटाळा होतो, याचा एक अभ्यास अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन क्लेमेंट यांनी केला; तो १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे विधान समीकरणाने लिहायचे होते. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या सुमारे ३७ टक्के विद्यार्थ्यांनी ते चुकीचे लिहिले, आणि त्यांतील बहुसंख्यांनी ६वि = प्रा असे उलटे समीकरण मांडले. त्यांच्या लेखी 'वि' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या नव्हती, खुद्द विद्यार्थीच होते. आपल्या भाषांत 'एका शिक्षकामागे सहा विद्यार्थी' असे म्हटले की नेमका हाच मोह होतो. यावर उपाय साधा आहे : संख्या घालून पाहावी. प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी ६०. ते ६० म्हणजे सहा गुणिले १०. म्हणून वि = ६प्रा.

कधी कधी भाषांतर अचूक होऊनही उत्तर एकच येत नाही. भास्कराचार्यांच्या आणखी एका प्रश्नात ३ द्रम्मांना ५ पारवे, ५ ला ७ सारस, ७ ला ९ हंस आणि ९ ला ३ मोर मिळतात. १०० द्रम्मांत १०० पक्षी आणायचे आहेत. येथे अव्यक्ते चार आणि समीकरणे दोनच. ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर हे एक उत्तर. १० पारवे, ४२ सारस, ३६ हंस, १२ मोर हेही एक उत्तर. अर्धा मोर मिळत नाही, ही अट समीकरणात नसते. ती वाचणाऱ्याने लक्षात ठेवायची असते.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. मुलाने उदाहरण वाचले की लगेच 'बेरीज की वजाबाकी?' असे विचारू नये. 'येथे काय घडले, ते तुझ्या शब्दांत सांग,' असे म्हणावे. मग काय माहीत नाही, ते पूर्ण वाक्यात लिहायला सांगावे. 'क्ष म्हणजे आंबे' असे नव्हे, तर 'क्ष म्हणजे गीतेजवळच्या आंब्यांची संख्या' असे. देवघेव असेल तर 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने पाडावेत. उत्तर आले की ते समीकरणात नव्हे, मूळ हकीकतीत घालून पाहावे. समीकरणच चुकले असेल, तर त्याचे उत्तर त्यात चपखल बसणारच. मित्रांच्या प्रश्नात १०० घेतल्यावर पहिल्याजवळ १४० होतात, दुसऱ्याजवळ ७० उरतात. उलट १० दिले तर दुसऱ्याजवळ १८० होतात, पहिल्याजवळ ३० उरतात. दोघांचेही बोलणे खरे ठरले. आता उत्तरावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

बीजगणिताचे खरे बीज बुद्धीच आहे आणि वर्ण हे तिचे साहाय्यक आहेत, असा भास्कराचार्यांचा अभिप्राय होता. ती बुद्धी म्हणजे काही थोड्यांनाच लाभलेले देणे नव्हे. वाक्य शेवटपर्यंत वाचणे, त्यात न सांगितलेले ओळखणे आणि मगच लेखणी उचलणे, ही ती बुद्धी. ती शिकवता येते. ज्या मुलाला आपण मंद म्हणून मागच्या बाकावर बसवतो, त्याला कदाचित एवढेच सांगायचे राहून गेलेले असते, की बाळ, घाई करू नकोस, पुन्हा एकदा वाच.