श्रद्धा संस्थेची, नोकरी बाईची

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



धर्माच्या नावाने चालणाऱ्या शाळेला, शिक्षिकेच्या मतांवरून किंवा खाजगी आयुष्यावरून तिला कामावरून काढण्याचा हक्क असावा का, हा प्रश्न मी आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. प्रश्न वकिलांचा वाटतो. पण सल्ला केंद्रात बसणाऱ्या आपल्यापर्यंत तो वेगळ्या रूपात येतो. कागदावर असते, 'बाईंनी स्वखुशीने राजीनामा दिला.' खोलात गेले की कळते, बाईंनी दुसऱ्या धर्मातल्या माणसाशी लग्न केले होते, किंवा नवऱ्याचे घर सोडले होते.

आधी अमेरिकेकडे पाहू, कारण तिथे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१२ साली त्या न्यायालयाने सांगितले की धर्मोपदेशकाचे काम करणाऱ्यांची नेमणूक आणि बडतर्फी हा धर्मसंस्थेचा अंतर्गत मामला आहे. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचे कायदे तिथे चालणार नाहीत. पुजारी कोण असावा हे सरकारने ठरवू नये, इथवर आपल्यालाही पटेल. पण तो खटला होता एका शाळेतल्या शिक्षिकेचा. पुढे २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन कॅथलिक शाळांच्या प्रकरणांत हीच सवलत आणखी रुंद झाली. दोघी प्राथमिक वर्गांना इतर विषयांबरोबर धर्मही शिकवत. एकीचे म्हणणे, वय झाले म्हणून मला काढले. दुसरीचे म्हणणे, स्तनांच्या कर्करोगावरच्या उपचारांसाठी रजा लागेल असे सांगितले म्हणून काढले. न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवले की धर्म शिकवण्याचे महत्त्वाचे काम त्यांच्याकडे असल्याने त्यांना दाद मागता येणार नाही. निकाल लागला तेव्हा दुसरी शिक्षिका हयात नव्हती. यात लक्षात घ्या, काढण्यामागचे कारण धार्मिक आहे हे दाखवण्याचीही संस्थेवर सक्ती उरली नाही.

२०२३ साली न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल तर आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे. कॅथलिक शाळेत लहान मुलांना सांभाळणारी आणि चित्रकला शिकवणारी एक अविवाहित बाई गरोदर राहिली. मुख्याध्यापिकेला तिने ते स्वतःच सांगितले. तिला काढण्यात आले. नोकरी धरताना तिने संस्थेच्या आचारसंहितेवर सही केली होती, आणि राज्याच्या कायद्यात धार्मिक संस्थांना आपल्या तत्त्वांप्रमाणे नोकरीच्या अटी ठरवण्याची सूट होती. न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला.

आता आचारसंहिता म्हणे सर्वांना सारखी. विवाहबाह्य संबंध ठेवू नयेत, हा नियम पुरुष शिक्षकालाही लागू. पण पुरुषाच्या बाबतीत तो मोडला गेला हे कळणार कसे? बाईचे पोट दिसते. नियम दोघांना असला तरी पुरावा एकटीच्या शरीरावर उमटतो, आणि शिक्षाही तिलाच होते. म्हणून मी म्हणते, हा केवळ श्रद्धास्वातंत्र्याचा प्रश्न नाही, स्त्री-पुरुष विषमतेचा आहे. तसा मांडला तर निकाल बदलू शकतो. इंडियाना राज्यात कृत्रिम गर्भधारणेचे उपचार घेतले म्हणून कॅथलिक शाळेने एका विवाहित शिक्षिकेचा करार पुढे चालू ठेवला नाही. २०१४ साली ज्यूरीने हा लिंगभेद ठरवला आणि तिला भरपाई देवविली.

आपल्याकडे काय? घटनेच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. तो महत्त्वाचा आहे, आणि आजच्या वातावरणात तर त्याची राखण करायला हवी. परंतु चालवण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच केरळच्या शिक्षण विधेयकाबाबत म्हटले. १९८६ साली दिल्लीच्या फ्रँक अँथनी शाळेच्या प्रकरणात, विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांच्या कर्मचाऱ्यांनाही वेतनाचे आणि बडतर्फीविरुद्ध अपिलाचे संरक्षण मिळाले. मुख्याध्यापक निवडण्यात अल्पसंख्य संस्थेला मोकळीक आहे. मात्र कोणाही शिक्षिकेला चौकशीशिवाय घालवण्याची मोकळीक नाही.

आणि बोट फक्त अल्पसंख्य शाळांकडे दाखवून चालणार नाही. नाशिकच्या एका माध्यमिक शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला नकार दिला म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. ती शाळा कोणत्या धर्मसंस्थेची नव्हती! ज्या शाळेच्या पाटीवर धर्म नसतो, तिथेही बहुसंख्याकांचा धर्म 'संस्कार' या नावाने मुकाट्याने नांदत असतो. म्हणून आपली भूमिका सर्व संस्थांना एकच हवी. नाहीतर आपला प्रश्न जातीयवादी शक्ती उचलतील, आणि ज्या बाईसाठी आपण उभ्या राहिलो ती बाजूलाच राहील.

शेवटी कामाचे बोलू. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे. तो अनुदानित आणि विनाअनुदानित दोन्ही शाळांना लागू आहे. कायम शिक्षिकेला शिक्षा म्हणून काढायचे तर आधी आरोपपत्र आणि तीन जणांची चौकशी समिती लागते. तिच्यात एक प्रतिनिधी शिक्षिकेच्या पसंतीचा असतो. आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. तारीख चुकवू नका. राजीनाम्याची रीतही कायद्याने ठरवली आहे: दोन प्रती, दोन्हींवर सही आणि तारीख, एक रजिस्टर पोस्टाने, दुसरी स्वतःजवळ. तेव्हा ऑफिसात बसवून कोऱ्या कागदावर सही मागितली, तर बाईने एवढेच म्हणावे, 'मी घरी विचारून सांगते', आणि थेट आपल्याकडे यावे.

खरी उघडी पडते ती परिविक्षेवरची शिक्षिका. 'वर्तन समाधानकारक नाही' एवढ्या शब्दांवर आणि महिन्याच्या नोटिशीवर तिला घालवता येते. त्या 'वर्तन' शब्दात कुंकू, मंगळसूत्र, घटस्फोट, आंतरधर्मीय लग्न सगळे मावते. म्हणून आपली मागणी स्पष्ट असू द्या: वर्तन म्हणजे वर्गातले आणि कामातले वर्तन, आणि कारण लेखी. शिक्षक संघटनांपुढे हा विषय आपणच नेला पाहिजे.

संस्थेला श्रद्धा असू शकते. ती शिक्षिकेलाही असते, किंवा नसते. मुलांना ती गणित आणि भूगोल नीट शिकवते की नाही, हे विचारण्याचा संस्थेला पूर्ण अधिकार आहे. तिच्या उंबऱ्याच्या आत डोकावण्याचा नाही.