एका चाकूपायी एकतीस

(आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या ‘माझा छंद’ या कार्यक्रमातील भाषण)

सन्माननीय अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सभासद, माझ्या वयाची मंडळी, आणि नंतर बटाटेवडे आहेत म्हणून थांबलेल्या बालमित्रांनो,

माझ्या आधीच्या दोघांनी नाणी आणि पोस्टाची तिकिटं दाखवली. मला मात्र सेक्रेटरींनी आधीच बजावलं होतं, “काका, तुम्ही फक्त बोला, काही आणू नका.” त्यांचं बरोबरच आहे. मी चाकू जमवतो. मिटणारे, जुन्या धाटणीचे, आणि त्यातही मोठे.

चाकू म्हटलं की आपल्या पिढीला हिंदी सिनेमा आठवतो. खट् करून उघडणारा रामपुरी. नोकरीत असताना ऑडिटसाठी मी मुरादाबाद-बरेलीकडे गेलो होतो. त्या दोन्हींच्या मधेच रामपूर. तिथल्या बाजारात ते चाकू मांडलेले पाहिले. हातात घेतला, उघडला, मिटला आणि परत ठेवला. घरी काय उत्तर द्यायचं हा प्रश्न होता. आज त्या गावात चौकात वीस फुटी चाकू उभा केलाय, २०२३ साली. पण खरे चाकू घडवणारे हात मात्र कमी होत गेलेत. रामपुरी माझ्याकडे नाही, हे आधी सांगून टाकतो.

दुसरं, कायद्याचं. मध्यंतरी आपल्या इमारतीत कुजबुज झाली होती की, तिसऱ्या मजल्यावर हत्यारं आहेत. मी बँकेचा माणूस, नियम वाचल्याशिवाय सही करत नाही. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्र धरलं जातं. घरकाम, शेती यांच्यासाठी बनवलेलं त्यातून वगळलंय. माझ्याकडे त्या मापाबाहेरचं एकही पातं नाही आणि कपाटातला चाकू घेऊन मी रस्त्यावर फिरत नाही. कपाटाला दोन कुलुपं आहेत. एक किल्ली माझ्याकडे, एक हिच्याकडे. बँकेत स्ट्राँग रूम जशी दोघांच्या ताब्यात असते, तशी. तेव्हा निर्धास्त असा.

आता हा छंद लागला कसा, ते सांगतो.

आमचे वडील कोकणात आंब्याची कलमं बांधायचे. भेट कलम. रोपाचा आणि झाडावरच्या फांदीचा, दोघांचा सारख्या मापाचा काप काढायचा, काप कापाला भिडवायचा आणि बांधून टाकायचं. तो काप एका ओढीत निघाला पाहिजे. दोनदा पातं फिरवलं की पृष्ठभाग उंचसखल होतो आणि कलम धरत नाही. ह्या कामासाठी त्यांच्याकडे एक रॉजर्सचा चाकू होता. इंग्लंडातल्या शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा. पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस अशी खूण, शिंगाची मूठ, मिटल्यावर तळहातभर लांब. त्याला लॉक नव्हता. मुठीच्या पाठीत पोलादी कमान असते, तिच्या दाबावर पातं उघडंही राहतं आणि मिटलेलंही राहतं. मिटताना बोटं आत ठेवली तर चूक आपली. वडिलांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा मी दहावीत होतो. हातात दिला म्हणजे ओट्यावर ठेवला आणि मी उचलला. चाकू-कात्री हातात द्यायची नाही, भांडण होतं, हे आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

तो चाकू पुढे पन्नासेक वर्षं माझ्याकडे होता. त्यानं आंबे चिरले, पेन्सिली तासल्या, बदलीच्या प्रत्येक गावी सामानाची सुतळी कापली. इथल्या जुन्या सभासदांना २६ जुलै २००५ आठवत असेल. सोसायटीला तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. आवारात कमरेएवढं पाणी, दिवे गेलेले, आणि तळमजल्यावरच्या आजींना वर आणायचं होतं. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोऱ्या कापून, त्यांना पीळ देऊन आम्ही जिन्यापासून दारापर्यंत दोर बांधला. त्या दोऱ्या ह्याच चाकूनं कापल्या. दुसऱ्या दिवशी “आमच्या दोऱ्या कुणी कापल्या?” अशी तक्रारही आली होती. वीस वर्षांनी आज जाहीर कबुली देतो.

आणि हा चाकू मी घालवला. चोरीला गेला नाही, कुणी मागून नेला नाही. मी घालवला.

२०१२ साली बेंगळुरूला मुलाकडे निघालो होतो. प्रवासात फळं चिरायला म्हणून चाकू नेहमीप्रमाणे खांद्यावरच्या पिशवीत टाकला. मोठी बॅग काउंटरवर देऊन झाली होती. तपासणीत पिशवी थांबली. तिथला मुलगा अदबीनं म्हणाला, “सर, हे चेक-इनच्या बॅगेत ठेवायला हवं होतं.” पोचवायला आलेला शेजारी केव्हाच परत गेला होता. मागे रांग, विमानाची वेळ होत आलेली. त्यानं एक खोका दाखवला. त्यात नेलकटर, कात्र्या, लायटर पडलेले होते. मी चाकू त्यात ठेवला. त्या मुलाचं काही चुकलं नाही. स्ट्राँग रूमच्या नियमांवरून पस्तीस वर्षं लोकांना झापलेला मी माणूस, मला त्याच्याशी वाद घालायला तोंड नव्हतं. विमानात हिनं विचारलं, “गप्प का?” मी सांगितलं नाही. आठ दिवस सांगितलं नाही.

मग शोध सुरू झाला. तसाच रॉजर्स मिळावा म्हणून चोरबाजार पालथा घातला, जुन्या वस्तूंची दुकानं धुंडाळली. तसा मिळाला नाही, पण शोधताना दुसरे मिळत गेले.

मुलानं फ्रान्सहून ओपिनेल आणला, चेक-इनच्या बॅगेतून! आल्प्सच्या सावॉय भागात जोसेफ ओपिनेल नावाच्या तरुणानं १८९० साली हा चाकू काढला. घरचा धंदा कोयते-कुऱ्हाडी घडवण्याचा. १८९७ पर्यंत एक ते बारा नंबरांची मापं ठरली. त्यातले एक आणि अकरा पुढे बंद झाले. लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा. १९५५ साली एक पोलादी कडं आलं. ते फिरवलं की पातं जागच्या जागी अडकतं. शेतकऱ्याला परवडावा म्हणून केलेली ही वस्तू, तिच्यात काही काढायला जागा नाही. तेरा नंबरचा सगळ्यात मोठा. त्याचं पातं बावीस सेंटिमीटर, म्हणजे साडेआठ इंचांच्या जरासं वर. विकत घेण्याआधी मी फूटपट्टीवर हिशेब केला होता.

ह्या ओपिनेलची आपल्या पावसाळ्यात गंमत होते. बीच लाकडाची मूठ ओल धरून फुगते आणि पातं आत रुतून बसतं. नखानं निघत नाही. सावॉयच्या लोकांची त्यावर युक्ती आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं आपोआप थोडं वर येतं. जुलै महिन्यात आमच्या घरातून ठक्ठक् आवाज आला तर दुरुस्तीचं काम समजू नये.

लागियोल नावाचं फ्रान्समधलंच एक गाव. स्पेलिंगमध्ये जी आहे, पण तिकडचे लोक तो उच्चारत नाहीत, ‘लायोल’च्या जवळपास काहीतरी म्हणतात. तिथला चाकू बारीक कमरेचा, कमानीवर माशी कोरलेली. काही मुठींवर खिळ्यांचा क्रॉस असतो. रानातला धनगर चाकू जमिनीत रोवून त्याच्यासमोर प्रार्थना करायचा, असं सांगतात. मात्र गावाचं नाव कुणीही वापरत आलंय. मी पहिला घेतला तो फसलो. माशी होती, पण पातं महिन्यात डुगडुगायला लागलं. खोटी नोट पकडणारा माणूस खोट्या माशीला भुलला!

स्पेनमध्ये अल्बासेते हे चाकूंचं शहर, तिथं चाकूंचं संग्रहालयच आहे. तिथला जुन्या पद्धतीचा नवाखा उघडताना दाते एकामागून एक वाजतात, कर्र कर्र कर्र. अमेरिकेतला बक ११० हा १९६४ चा. पितळ आणि लाकडाची मूठ, वजन दोनशे ग्रॅम. खिशात ठेवला की पँट एका बाजूला उतरते.

साध्या पोलादाच्या पात्यांची निगा राखावी लागते. आंबा चिरून तसंच ठेवलं की पातं काळं पडतं. आपल्या हवेत चार दिवसांत गंज धरतो. खोबरेल लावू नये, चिकट होतं. शिवणयंत्राचं तेल चांगलं. चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नये, चामडं ओल धरतं.

असे करत एकतीस झाले. ही म्हणते, “एक हरवला म्हणून एकतीस आणलेत.” दसऱ्याला मी ते विळी-अडकित्त्याशेजारी मांडून हळद-कुंकू वाहतो. गेल्या दसऱ्याला नातू शेजारी बसला होता. त्यानं विचारलं, “आजोबा, ह्यानं तुम्ही काय कापता?”

मी म्हटलं, “काही नाही.”

“मग ह्यानं?”

“ह्यानंही काही नाही.”

एकतीसच्या एकतीसांबद्दल त्यानं विचारलं नाही, आठ-दहांवर थांबला. पण मला उत्तर कळलं होतं. वडिलांच्या चाकूचं पातं धार लावून लावून मूळच्या अर्धं झिजलं होतं. ह्यांतलं एकही पातं झिजलेलं नाही. मी पुसतोय, तेल लावतोय, मोजतोय. लेजर चोख आहे, पण खात्यात व्यवहार नाही. बँकेत अशा खात्याला निष्क्रिय म्हणतात.

तेव्हापासून आठ नंबरचा ओपिनेल स्वयंपाकघरात आलाय. ह्या मे महिन्यात घरचे आंबे त्यानंच चिरले, पातं छान काळं पडलंय. एक चाकू आपल्या माळीबुवांना दिला. तो आता आधी रोपांच्या सुतळ्या दातानं तोडत नाही.

बाकीचेही हळूहळू द्यायचं ठरवलंय. युरोपात चाकू भेट मिळाला तर एक नाणं द्यायचा रिवाज आहे, नाहीतर मैत्री तुटते म्हणतात. आपल्यासारखाच धसका, उपाय तेवढा वेगळा. तेव्हा ज्यांना बागेला, स्वयंपाकघराला, गावच्या वाडीला चाकू हवा असेल त्यांनी एक रुपया घेऊन घरी यावं. व्हाऊचर मी फाडीन. चाकू टेबलावर ठेवीन, तुम्ही उचला. बालमित्रांनो, तुम्ही अठरा पूर्ण झाल्यावर या.

अट एकच, तो वापरायचा. आणि विमानतळावर जायच्या आधी पिशवी एकदा तपासायची.