न बदलता बदललेली फाईल



ग्रामपंचायतीच्या कचेरीत, शाळेत आणि तहसीलदारांच्या कार्यालयात लाभार्थ्यांच्या याद्या, पटसंख्या व खर्चाचे हिशेब आज संगणकावरील एक्सेल शीटमध्ये ठेवले जातात. हे काम करणाऱ्यांना एक अनुभव वारंवार येतो. फाईल केवळ पाहण्यासाठी उघडावी, एक अक्षरही न बदलता बंद करावयास जावे, तोच संगणक विचारतो, "केलेले बदल जतन करावयाचे काय?" बदल तर कोणी केलेला नसतो. मग यादीत कोणी फेरफार तर केला नाही ना, अशी शंका मनात डोकावते. या शंकेचे निरसन होणे अगत्याचे आहे.

आकड्यामागील सूत्र

कागदी नोंदवहीत लिहिलेला आकडा लिहिला तसाच राहतो. संगणकीय तक्त्याचा स्वभाव निराळा आहे. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचा 'व्हिजिकॅल्क' हा तक्ता १९७९ मध्ये आला आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे आपोआप बदलावेत, हे दोहोंचे मूळ तत्त्व. म्हणून चौकटीत दिसतो तो आकडा. पण त्यामागे साठविलेले असते ते सूत्र.

यांपैकी काही सूत्रे अस्थिर असतात. 'टुडे' आजची तारीख देते, 'नाऊ' या क्षणाची वेळ देते, तर 'रँड' दर वेळी नवा यादृच्छिक आकडा देते. 'ऑफसेट' आणि 'इनडायरेक्ट' हीही त्याच वर्गातली. फाईल उघडताच ही सूत्रे पुन्हा सोडविली जातात. उत्तर पूर्वीचेच आले, तरी गणित नव्याने झाले म्हणून एक्सेल ती फाईल बदललेली समजते. जुन्या आवृत्तीत जतन केलेली फाईल नव्या आवृत्तीत उघडली, किंवा दुसऱ्या फाईलशी जोडलेले आकडे ताजे झाले, तरीही हाच प्रश्न विचारला जातो.

तेव्हा हा प्रश्न म्हणजे लबाडीचा पुरावा नव्हे. 'होय' म्हणेपर्यंत साठविलेली मूळ फाईल तशीच राहते. मात्र 'वनड्राईव्ह'सारख्या ठिकाणी स्वयंचलित जतन चालू असेल, तर संगणक न विचारताच बदल साठवितो.

निर्णयाची तारीख

खरा धोका पुढेच आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसाठी वयाची ६५ वर्षे पूर्ण असावी लागतात. समजा, एका अर्जदाराचा जन्म १० जून १९६० चा आहे. ३१ मार्च २०२५ रोजी छाननी झाली, तेव्हा वय ६४ भरले आणि अर्ज अपात्र ठरला. वयाचा रकाना 'टुडे'वर आधारलेला असेल, तर जुलैमध्ये तीच यादी उघडणाऱ्यास ६५ हा आकडा दिसेल. योग्य निर्णय घेणाऱ्या कर्मचाऱ्यावर मग निष्कारण ठपका येईल. उलटपक्षी, या प्रश्नाची सवय झालेला कर्मचारी एखादा खरा फेरफारही डोळ्यांआड करील.

घ्यावयाची काळजी

यावरचे उपाय सोपे आहेत. वय काढण्यासाठी 'टुडे' न वापरता छाननीची तारीख एका चौकटीत लिहावी व त्या तारखेवरून वय मोजावे. निर्णय झाल्यावर सूत्रे काढून केवळ मूल्ये ठेवावीत आणि त्या यादीची पीडीएफ प्रत स्वाक्षरीसह वेगळी जपावी. फाईल नुसती पाहावयाची असल्यास ती 'केवळ वाचनासाठी' उघडावी. बंद करताना प्रश्न आलाच, तर 'नाही' म्हणावे.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मुळे ही दक्षता अधिकच महत्त्वाची झाली आहे. कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. हे मूल्य म्हणजे फाईलच्या बोटांचा ठसाच होय. सहज म्हटलेल्या एका 'होय'ने फाईल पुन्हा जतन झाली, की तो ठसा बदलतो आणि नोंदविलेल्या मूल्याशी जुळेनासा होतो.

रोजचे काम चालते ती फाईल आणि निर्णयाचा अभिलेख या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिली नित्य बदलणारच. दुसरा मात्र कधीही बदलता कामा नये. हा भेद प्रत्येक कार्यालयाने पाळला, तर वर्षांनंतर आलेल्या नागरिकालाही त्याच्या अर्जावर त्या दिवशी नेमके काय ठरले, ते निःशंकपणे दाखविता येईल.