गाठ मारलेला शर्ट



मी शिंप्याचा मुलगा. कविता नंतर आली, आधी काजं-बटणं आली. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशीसुद्धा मी दुकानात बसून पायजम्यांना नाड्या ओवत होतो. तेव्हा आज कपड्यांबद्दल बोललो, तर विषय सोडून बोललो असं समजू नका.

आमचं अंकुशनगर म्हणजे अंबड तालुक्यातली, महाकाळ्याजवळची साखर कारखान्याची वस्ती. कारखाना उभा राहिला तेव्हा वडिलांनी शेजारच्या खेड्यातलं आपलं मशीन बैलगाडीत घातलं आणि इथं आणून पत्र्याच्या शेडमध्ये मांडलं. आई काजं करायची, तुरपाई करायची आणि जरीकाम तर असं करायची की लग्नसराईत वडिलांपेक्षा तिलाच जास्त गिऱ्हाईक असायचं. हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, बाजार भरायचा आणि त्याच्या मागोमाग तंबूतला सिनेमा यायचा. शहरात जुना झालेला सिनेमा तंबूत नवाकोरा असायचा. 'दीवार' १९७५ सालचा. आमच्याकडे तो आला तेव्हा त्याला दहा वर्षं तरी होऊन गेली होती आणि मी मिसरूड फुटायची वाट बघत होतो.

त्या सिनेमात अमिताभ गोदी कामगार आहे. निळा शर्ट, पोटावर गाठ, खांद्यावर दोरी, दंडाला पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर आकडा ७८६. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर पोरांची रांग. सगळ्यांना तसाच शर्ट पाहिजे. वडील माझ्याबरोबर तंबूत होते. अर्धा सिनेमा त्यांनी डुलक्या घेत बघितला, पण शर्ट मात्र नीट बघितला होता. म्हणाले, "ही कसली फॅशन? माप चुकलंय त्या शिंप्याचं. शर्ट लांब बेतला गेला, मग लाज झाकायला गाठ मारली." पोरं खो खो हसली. मीही हसलो. मुंबईच्या शिंप्याचं माप चुकतं आणि ते अंकुशनगरच्या शिंप्याला कळतं, हे कुणाला पटणार?

पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. वडिलांनी शर्ट शिवले. पाव मीटर कापड जास्त लागायचं. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नसायचे त्यांच्या शर्टाला आई खालून दोन पट्ट्या जोडून द्यायची, जुन्या कापडाच्या. गाठीत जोड दिसत नसे. एवढंच की गाठ कधी सोडायची नाही.

बिल्ल्याचं मात्र दुकानात काही नव्हतं. तो ज्याचा त्यानं करायचा. कुणी डालड्याच्या डब्याचं झाकण कापलं, कुणी पुठ्ठ्याला चमकीचा कागद चिकटवला. वसाहतीतल्या एका फिटरचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्यानं आजीचा गळका पितळी तांब्या ठोकून ठोकून सपाट केला, पत्र्याच्या कात्रीनं दोन गोल कापले आणि खिळ्यानं ठिपके पाडत पाडत आकडे उठवले. त्याला इंग्रजी आकड्यांची वळणं जमेनात, म्हणून त्यानं सरळ शाळेतल्यासारखं मराठीत '७८६' काढलं. एक बिल्ला त्यानं स्वतः दंडाला बांधला. दुसरा ईदच्या दिवशी शिरखुर्म्याला आला तेव्हा माझ्या हातात ठेवला. तांब्या गेला म्हणून त्यानं मार खाल्ला होता, हे मला नंतर कळलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. 'बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम' या शब्दांतल्या प्रत्येक अक्षराला जुन्या पद्धतीत एक किंमत आहे. त्या सगळ्या किंमतींची बेरीज ७८६. वडिलांच्या उधारीच्या वहीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर हा आकडा असायचा. आमच्याकडे तो असा रोजचा. मित्राच्या दंडावर तो अमिताभचा होता. वडिलांनी त्याला जवळ बोलावलं, बिल्ला उलटासुलटा बघितला, कामाची तारीफ केली आणि एकच गोष्ट सांगितली, "बाळा, हा लावून परसाकडे जात जाऊ नकोस." त्या पोरानं ते इतकं पाळलं की नाल्याकडे जाताना तो बिल्ला वाटेतल्या बाभळीला अडकवून जायचा आणि येताना हात धुऊन पुन्हा बांधायचा. पुढे त्या बाभळीला आम्ही बिल्ल्याची बाभळ म्हणू लागलो. रस्ता रुंद झाला तेव्हा ती गेली.

हातानं केलेल्या वस्तूची आणखी एक गोष्ट आईची आहे. शेजारच्या काकूंकडे माहेराहून आलेली लक्ष्मीची एक जुनी तसबीर होती. रविवर्म्याच्या पद्धतीचं छापील चित्र. राजा रविवर्मानं १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि माणसं आणली. एकेका रंगासाठी वेगळा दगड, आणि तो प्रत्येक दगड त्याच कागदावर नेमका बसला पाहिजे. शिंप्याच्या भाषेत सांगायचं तर टिपेवर टीप. पुढं हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते. म्हणजे भिंतीवरच्या देवीपासून पडद्यावरच्या हिरोपर्यंतचा रस्ता तसा लांबचा नाही. पण मला नवल वाटतं ते चित्रं घरी आल्यावर बायकांनी काय केलं याचं. नुसतं चित्र टांगून त्यांचं भागेना. त्यांनी देवीच्या छापील साडीवर खरं कापड चढवलं, खरी जर लावली, मणी, टिकल्या, गोटा लावला. अशा सजवलेल्या तसबिरी आता संग्रहालयांत जपून ठेवल्यात. केल्या कुणी, त्यांची नावं बहुतेक तसबिरींवर नाहीत.

काकूंच्या लक्ष्मीची जर काळी पडली होती, टिकल्या गळल्या होत्या. लेकीच्या लग्नाआधी ती नवी करून हवी होती. काकू आईकडे आल्या खऱ्या, पण दारातच घुटमळल्या. आईही घुटमळली. आमच्यात चित्राची, त्यातून देवीच्या चित्राची सेवा करायची म्हणजे नात्यागोत्यात चार तोंडं बोलणार. आमचे एक दूरचे मामू तेव्हा घरात होते, ते तर उठूनच उभे राहिले. आईनं वडिलांकडे बघितलं. वडील पायजमा शिवत होते. त्यांनी मशीन थांबवलं नाही. आमच्या दखनीत म्हणाले, "कपडा सीना अपना काम है. किसके अंग पे, वो अपन क्यों देखना?" मामू त्या दिवशी न जेवता गेले. वर्षभर आले नाहीत.

आईनं ते काम आठ-दहा रात्रींत केलं. मी कंदील धरायला होतो, म्हणून मला पायरी न् पायरी आठवते. कागदात सुई घातली की कागद फाटतो. म्हणून आधी चौकटीच्या मागचे खिळे काढून चित्र सोडवलं. पाठीमागून खळ लावून मलमलचा तुकडा डकवला. तो वाळल्यावर साडीच्या छापील काठावरून बारीक सुईनं नुसतीच भोकं पाडून घेतली आणि मग त्या भोकांतून जर ओढली. निऱ्यांना एका नवरीच्या शालूतली कापून उरलेली चिंधी वापरली. चेहऱ्याला आणि हातांना तिनं बोटसुद्धा लावलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "वो छापनेवाले का काम है." मजुरी घेतली सहा रुपये. काकूंनी वर पुरणपोळ्या दिल्या, त्या वडिलांनी सगळ्यात जास्त खाल्ल्या.

तसबीर अजून त्या लेकीच्या सासरी आहे. मध्यंतरी मी त्या गावी कवितावाचनाला गेलो, तेव्हा मुद्दाम बघून आलो. निऱ्या जाग्यावर आहेत.

असल्या वेडाला वयही नसतं आणि पदवीही नसते. मकबूल फिदा हुसेन, जन्म पंढरपूरचा, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरलेला माणूस. सत्तरी ओलांडून गेल्यावर त्यांनी 'हम आपके हैं कौन' बघितला, पुन्हा पुन्हा बघितला, माधुरी दीक्षितची चित्रं काढत सुटले आणि २००० साली तिला घेऊन 'गजगामिनी' हा अख्खा सिनेमा करून मोकळे झाले. 'हम आपके हैं कौन'मधल्या जांभळ्या साडीसाठी आणि उघड्या पाठीच्या ब्लाउजसाठी आमच्या दुकानात आया-लेकींची भांडणं झाली. हुसेन करतात ती कला, आणि वसाहतीतली पोरगी करते तो वाह्यातपणा, हा हिशेब मला कधी जमला नाही. आईला जमला होता. ती ब्लाउजची पाठ उघडीच शिवायची आणि आतून हुकांवर अस्तराचा एक तुकडा लावून द्यायची. सासू समोर असली की लावायचा, नसली की काढायचा.

आता जे सांगतो ते सांगू की नको, असं झालं होतं.

१९९२ चा डिसेंबर. तुम्हाला त्या दिवसांचं वर्णन करून सांगायला नको. अंकुशनगरला कुणी कुणाला हात लावला नाही. पण लोक बोलायचे कमी झाले. शिवायला टाकलेले कपडे लोक अर्धवट शिवलेलेच परत न्यायला लागले. वडील गुपचूप घडी घालून द्यायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी माझा तो मित्र आला. तोवर तो शिकाऊ फिटर झाला होता, बिल्ला वगैरे लावायचं वय गेलं होतं. पण त्या दिवशी त्याच्या दंडावर तो होता. दुकानात आला, बिल्ला सोडला, मापाची टेप अडकवायच्या खिळ्यावर अडकवला आणि पायरीवर बसला. काही बोलला नाही. वडीलही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. असे सहा दिवस. सातव्या दिवशी त्याच्याच आळीतली एक बाई ब्लाउजपीस घेऊन आली, तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "काका, बिल्ला राहू द्या इथंच." वडिलांनी मान हलवली आणि मशीनला पाय लावला.

वडील २०१४ मध्ये गेले. आई त्याच्या आधीच गेली होती. दुकान बंद झालं. मशीन आणि दोन्ही बिल्ले घरी आले.

ते मशीन आता माझी मुलगी चालवते. तिला शिक्षण दुसरंच दिलं, पण हात आजीचा आला. तिला नारुतो नावाच्या जपानी चित्रकथेचं वेड आहे. त्यातला पोरगा कपाळाला एक पट्टी बांधतो, पट्टीवर धातूचा पत्रा आणि पत्र्यावर त्याच्या गावाची खूण, वळलेलं पान. तिनं शीतपेयाचा डबा कापून, निळ्या कापडावर बसवून ती पट्टी केली. खूण कशानं उठवली असेल? खिळ्यानं, ठिपके पाडत. मैत्रिणींना जाकिटांवर चित्रं रंगवून देते, मातीच्या किल्ल्यांच्या साखळ्या करते, चित्रांचे छाप काढून वाढदिवसाला वाटते. मुंबईत २०११ पासून अशा वेड्यांचा मोठा मेळा भरत आलाय, कॉमिक कॉन म्हणतात त्याला. आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः शिवून लोक तिथं येतात. तिला एकदा तिथं जायचंय. मी आधी चिडलो होतो, ते कबूल करतो. एका जाकिटाला तीन रात्री घालते आणि घेते दोनशे रुपये! मग आईचे सहा रुपये आठवले आणि गप्प बसलो.

२०२१ साली एके दिवशी तीच मोबाइल नाचवत आली, "अब्बा, दादाजान बरोबर होते!" अमिताभनं स्वतः लिहिलं होतं. शूटिंगचा पहिला दिवस, कॅमेरा तयार, आणि शर्ट शिवून आला तो गुडघ्यांच्याही खाली. दुसरा शिवायला वेळ नव्हता, म्हणून गाठ मारली. मी ते तीनदा वाचलं. मग मित्राला फोन केला. तो बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "काका असते तर आज बाजारभर सांगत फिरले असते." तेवढ्यावर आम्ही दोघंही थांबलो.

गेल्या ईदला मुलीनं मला एक पुडकं दिलं. आत निळा शर्ट. जाणूनबुजून गुडघ्याखाली बेतलेला. दंडावर पितळी बिल्ला, दोघांतला मित्राचा. मित्र शिरखुर्म्याला आलेलाच होता. दोघांनी मला उभं केलं आणि शर्ट घातला. आता गाठ मारायची, तर माझं पोट असं सुटलंय की दोन्ही टोकं जेमतेम एकमेकांना शिवली.

मुलगी टेप घेऊन पुढे आली. म्हणाली, "अब्बा, माप माझं चुकलेलं नाही."